आतड्याचा कॅन्सर, स्टेज ४: सोलापुरात राहून घरच्यांनी काय काय करायचं

रिपोर्टवर 'मेटास्टॅटिक' (म्हणजे दुसऱ्या अवयवात पसरलेला) नाहीतर 'स्टेज ४' असं लिहून आलं की घरातले सगळे एकदम मोबाईल घेऊन बसतात आणि रात्री दोन वाजता जे वाचायला मिळतं त्याने कुणाचंच भलं होत नाही. आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सगळं आम्ही घरूनच बघितलं, त्यामुळे जे खरंच कामाला येतं ते लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, डोस-बिस तुमच्या डॉक्टरांचंच ऐकायचं. पण ओपीडीत पाच-दहा मिनिटं मिळतात आणि बाकीचा सगळा वेळ घरी काढायचा असतो, हे त्या वेळेसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं त्याच हिशोबाने वाचा. ह्या स्टेजला बऱ्याच जणांचा आजार पूर्ण जात नाही, त्रास मात्र बराचसा घालवता येतो, आणि तो घालवायचं काम किमोच्या बरोबरीनेच सुरू करायचं असतं. आपल्याकडे काय होतं, आधी सगळी किमो, सगळे पैसे, सगळी धावपळ, आणि मग शेवटी कुणीतरी म्हणतं की आता दुखण्यावर काहीतरी द्या. तोवर माणूस पार खचलेला असतो. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे 'डॉक्टरांनी हात टेकले' असं डोक्यात बसलंय ते आधी काढा. उलटी, दुखणं, झोप, भूक, पोट साफ न होणं ह्या सगळ्यावर काम करणारी ती वेगळी ओपीडी असते, आणि किमो चालू असताना तिथे गेलं तर कुणी परत पाठवत नाही.

आता रिपोर्टचं. 'लिव्हर मेट्स' लिहिलं असेल तर तो लिव्हरचा वेगळा कॅन्सर नव्हे, आतड्यातल्याच पेशी तिथे गेलेल्या असतात, कारण आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरकडेच जातं. औषधं आतड्याच्या कॅन्सरचीच चालतात. आणि स्टेज ४ म्हणजे सगळ्यांचं सारखंच असं पण नसतं. लिव्हरला किंवा फुप्फुसाला मोजक्याच गाठी असतील तर काही पेशंटची सर्जरी होऊ शकते, कधी आधी किमो देऊन गाठी लहान करून मग, आणि त्यातले काही जण बरे पण होतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की लिव्हरची सर्जरी करणाऱ्या सर्जनने हा स्कॅन बघितलाय का. दुसरा प्रश्न, ही किमो कशासाठी, आजार घालवायला की आटोक्यात ठेवायला? हा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही हे मला माहितीये, पण घर विकायचं का, पोराचं लग्न आधी उरकायचं का, ते सगळं ह्या उत्तरावर ठरतं.

तिसरं म्हणजे गाठीतल्या जनुकांच्या टेस्ट. केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ आणि एमएसआय (काही ठिकाणी एमएमआर म्हणतात) ह्या टेस्ट बायोप्सीच्या तुकड्यावरच होतात. सेटुक्सिमॅबसारखं महागडं इंजेक्शन आरएएसमध्ये (केआरएएस किंवा एनआरएएस) बदल असेल तर उपयोगाचं नसतं, त्यामुळे रिपोर्ट बघितल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका, आणि गाठ डाव्या बाजूला आहे की उजव्या त्यावरही ते अवलंबून असतं. एमएसआय हाय आलं (ह्या स्टेजला शंभरात चार-पाच जणांचं येतं) तर इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा) रस्ता उघडतो. लॅबकडून बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाईड मागून घ्या, दुसरीकडे गेलात की पहिल्यांदा तेच मागतात.

कुठे दाखवायचं ह्यावर नातेवाईकांची अख्खी ग्रामपंचायत बसते. कुणी म्हणतं टाटालाच (मुंबईत परळचं टाटा मेमोरियल) न्या, कुणी म्हणतं पुण्याला. माझं मत विचाराल तर एकदा मोठ्या ठिकाणी प्लॅन करून आणा आणि किमो घराजवळ घ्या. दर दोन-तीन आठवड्यांनी किमो घ्यायची असते, दर वेळी मुंबई केली तर पेशंट आजारापेक्षा प्रवासानेच आडवा होतो. आपल्याकडे सोलापुरात श्री सिद्धेश्वर कॅन्सर हॉस्पिटल आहे, सिव्हिल आहे, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शीचं लोकांना विशेष वाटत नाही, पण देशातली खेड्यांसाठीची पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली तिथूनच सुरू झाली, तिथे कॅन्सरचं काम जुनं आहे. फोलफॉक्स किंवा केपॉक्स (ह्या आजारातल्या नेहमीच्या किमो) ही औषधं परळला तीच आणि इथेही तीच. टाटाचा ऑनलाइन सेकंड ओपिनियन 'नव्या' नावाने मिळतो, म्हणजे नुसत्या सल्ल्यासाठी पेशंटला उचलून न्यायची गरज नाही.

जायचंच असेल तर सिद्धेश्वर एक्सप्रेस बरी, रात्री बसलं की सकाळी दादर, तिथून परळ जवळच. कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट पूर्ण माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे, त्यासाठी हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट भरून घ्यायचं. लोअर बर्थ आणि तो पण टॉयलेटकडच्या बाजूचा मागा, एरवी आपण तो टाळतो पण ह्या आजारात तोच पाहिजे. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, पण खोली लगेच मिळेल असं धरून जाऊ नका, आधी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटा.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ते लागू केलंय, त्यामुळे 'आपलं कार्ड पांढरंय, आपल्याला कोण देणार' म्हणून घरी बसू नका. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) गाठा, आणि हे ॲडमिट व्हायच्या आधी करा, बिल भरल्यावर करून काही होत नाही. हेल्पलाईन १५५३८८. प्रत्येक औषध योजनेत बसतंच असं नाही, म्हणून किमोची सायकल (एक फेरी) सुरू व्हायच्या आधी 'ह्यातलं काय योजनेत आणि काय बाहेरचं' असं कागदावर लिहून मागा. उरलेल्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधी, आणि धर्मादाय हॉस्पिटल असेल तर गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात, ते तोंड उघडून विचारावं लागतं. किमोच्या औषधाच्या एमआरपीवर जाऊ नका, दोन-तीन मेडिकलमध्ये विचारा, फरक बघून डोळे पांढरे होतील. ७० आणि त्यावरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी मोफत उपचाराचं) निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. इन्कम टॅक्स भरणाऱ्यांनी जुन्या पद्धतीत ८० डीडीबी (उपचाराच्या खर्चावरची करसवलत) बघून घ्यावं.

फाईल एकच ठेवा. वरती एक कागद: नाव, आजार, कोणती किमो, शेवटची कधी झाली, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर. रात्री इमर्जन्सीला गेल्यावर जो पोरगा ड्युटीवर असतो त्याला हा एक कागद मिळाला तर अर्धं काम होतं.

किमोचे दिवस

फोलफॉक्समध्ये औषधाचा पंप ४६ तास लावतात, कधी पंप लावूनच घरी पाठवतात. छातीत पोर्ट (औषध सोडायला कातडीखाली बसवलेली डबी) बसवला असेल तर हाताच्या शिरा वाचतात, आणि पोर्ट वापरात नसला तरी तो ठरावीक दिवसांनी फ्लश (आतून धुऊन) करून घ्यायचा असतो.

ऑक्झालिप्लॅटिन नावाचं औषध चालू असेल तर थंड वस्तूंशी वैर. किमोनंतर काही दिवस थंड पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकला असं वाटून माणूस घाबरतो, फ्रीजमधली बाटली धरली तर बोटांत करंट लागल्यासारखं होतं. आता सोलापूरचा एप्रिल-मे डोळ्यापुढे आणा, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस, आणि येणारा प्रत्येक पाहुणा बर्फ घातलेला उसाचा रस नाहीतर थंडगार ताक पुढे करतोय. घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पाणी साधं किंवा कोमट, माठातलं पण ते पहिले काही दिवस नको. कुलरचा झोत थेट तोंडावर नको. फ्रीज उघडायचा तर हातमोजे घालून, किंवा सरळ दुसऱ्या कुणाला सांगायचं. हा त्रास दोन-चार दिवसांत उतरतो, पण सायकली वाढत जातात तशी हातापायाची बधिरता टिकून राहायला लागते. शर्टाची बटणं लागेनाशी झाली, चप्पल पायातून निघून गेलेली कळली नाही, असं काही दिसलं की डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतात किंवा ते एक औषध थांबवतात. बरेच पेशंट हे लपवतात, किमो बंद होईल म्हणून.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतील तर जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, सकाळ-संध्याकाळ. साधारण १४ दिवस घ्यायच्या आणि ७ दिवस सुट्टी. एखादी राहिली तर पुढच्या वेळी डबल घ्यायची नाही. ह्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. पेशंट घरातली बाई असेल तर तिला भाकरी थापणं आणि तव्याजवळ उभं राहणं पहिल्यापासूनच बंद करा, पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका आहेत त्यांनी ते पण, कारण घासणं आणि गरम लागणं ह्यानेच ते वाढतं. साधं युरिया असलेलं क्रीम दिवसातून दोन-तीनदा, सैल चप्पल, गरम पाण्याने आंघोळ नाही. 'मी काही बसून खाणारी नाही' हे ऐकावं लागेल, ऐका आणि भाकरी विकत आणा, सोलापुरात भाकरी कुठे मिळत नाही काय.

दोन गोष्टींना मात्र थांबायचं नाही, रात्रीचे तीन वाजले असले तरी. एक, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर. किमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी पडलेल्या असतात, तेव्हाचा ताप म्हणजे पॅरासिटामोल देऊन सकाळची वाट बघायचा ताप नव्हे, काही तासांत जीवावर बेततं. घरात थर्मामीटर पाहिजेच, हाताने कपाळ बघून चालत नाही. दुसरं, जुलाब. दिवसात नेहमीपेक्षा चार खेपा जास्त झाल्या की कॅपेसिटाबिन थांबवून लगेच फोन करायचा. इरिनोटेकान असलेली किमो असेल तर लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) कसं घ्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा आणि गोळ्या घरात ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या ग्लासात नाही.

एक पाय अचानक सुजून दुखायला लागला, किंवा एकदम दम लागला, तर तेही दाखवा, ह्या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात. डोळे-लघवी पिवळी झाली तर दाखवा. पोटात पाणी भरलं तर ते सुईने काढता येतं, ओपीडीतही होतं, आणि माणसाला लगेच हलकं वाटतं.

काढे, जडीबुटी, कुणाचा तरी अनुभव. किमो चालू असताना गुळवेल-बिळवेल बंद, लिव्हरला आधीच आजार आहे आणि गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत. कुणी 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणालं की चहा पाजून वाटेला लावा. अंगारा, नवस, सिद्धेश्वराला जाऊन बसणं, ह्याला कुणाचीच ना नाही. अण्णांना गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) नंदीध्वज बघायचेच होते, तर डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी सायकल थोडी पुढे ढकलून दिली. असं विचारता येतं हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

पोटावरची पिशवी

गाठीने रस्ता अडला की सर्जन आतड्याचं तोंड पोटावर काढतात, त्याला स्टोमा म्हणतात. पेशंट ऐकूनच मान फिरवतो. ह्यावर जरा सविस्तर लिहिते कारण ह्यातच घरं हैराण होतात आणि हे शिकायला खरं तर आठवडाभर पुष्कळ.

स्टोमा लालसर गुलाबी आणि ओलसर दिसतो, आपल्या ओठाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तर दुखत नाही, पुसताना थेंबभर रक्त आलं तर घाबरायचं नाही. काळा-निळा पडला, किंवा आत ओढला जाऊन काहीच बाहेर येईना, तर हॉस्पिटल. पिशवी बदलायला सकाळी चहा घ्यायच्या आधीची वेळ सगळ्यात चांगली, तेव्हा आतडं शांत असतं, चहा पोटात गेला की लगेच काम चालू करतं. खाली जुना पेपर अंथरायचा, चिकटलेली चकती (पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग) वरून खाली हळूहळू सोडवायची, एका हाताने कातडी दाबून धरायची, ओढायची नाही. मग साध्या पाण्याने पुसायचं, साबण-डेटॉल काही नको. कातडी एकदम कोरडी झाली पाहिजे, ओल राहिली की नवीन चकती दोन तासांत सुटते. चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं, जास्त मोठं कापलं तर मधल्या उघड्या कातडीला मळ लागून ती सोलवटते आणि मग काहीच चिकटत नाही. पहिले दोन महिने स्टोमा आकसत जातो, म्हणून आधीचं माप धरून ढीगभर चकत्या कापून ठेवू नका. लावायच्या आधी चकती काखेत दोन मिनिटं धरून गरम करायची, लावल्यावर वर तळहात ठेवून तेवढाच वेळ दाबायची. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, पूर्ण भरू दिली की वजनाने सुटते आणि ती कुठे सुटेल सांगता येत नाही.

आपल्या शहरात अजून एक भानगड म्हणजे पाणी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पिशवीसाठी एक झाकणाची बादली वेगळीच भरून ठेवायची, त्याला बाकी कुणी हात लावायचा नाही. घामाने उन्हाळ्यात चकती लवकर निघते, म्हणून एक-दोन सेट जास्तीचे आणून ठेवा, पण गाडीच्या डिकीत ठेवू नका, गोंद वितळतो.

हे कोण करणार ते पेशंटला विचारा. अण्णांना सुनेसमोर पोट उघडं टाकायचं जीवावर यायचं, तोंडाने बोलायचे नाहीत पण शर्ट घट्ट धरून बसायचे. मग ह्यांनी ते काम शिकून घेतलं आणि पुढे पुढे अण्णा स्वतःच आरशात बघून करायला लागले. जमत असेल तर पेशंटनेच करावं, त्याने जो धीर येतो तो आपण दहा वेळा 'काळजी करू नका' म्हणून येत नाही. पिशवी लावून आंघोळ, देवळात जाणं, एसटीने प्रवास सगळं होतं. आणि वास येईल म्हणून जेवण बंद करणारे असतात त्यांना सांगा, पिशवी नीट चिकटली असेल तर वास येत नाही, येतोय म्हणजे कुठेतरी लीक आहे.

लहान आतड्याचा स्टोमा असेल (इलिओस्टोमी) तर पाणी आणि मीठ दोन्ही अंगातून निघून जातं. नुसतं साधं पाणी ढोसलं तर पिशवी अजून भरते, ओआरएस घोट घोट घ्यायचं. लघवी कमी आणि गडद, पायात गोळे, उठल्यावर चक्कर, असं झालं की सलाईनची वेळ आलीये. आणि इथे सोलापूरकरांसाठी वाईट बातमी, अख्खे शेंगदाणे, मका, खोबऱ्याचे तुकडे स्टोमाच्या तोंडाशी अडकू शकतात. म्हणजे मूठभर भाजलेल्या शेंगा तोंडात टाकायची सवय सोडावी लागते. शेंगाचटणी बारीक कुटलेली, दह्यात कालवून, चिमूटभर, ती पण तोंडात फोड नसतील तर आणि डॉक्टर हो म्हणाले तर.

खाणं

'ज्वारीची भाकरी ताकद देते' हे बरोबर आहे पण आतडं अरुंद झालेलं असेल तर कोंडा, साल, बिया, कडक भाकरी, मेथी-शेपूच्या भाज्या ह्यानेच पोट अडतं. अशा वेळी मऊ भात, मुगाचं वरण, सोललेला दुधी, अंडं, दही, केळं, बटाटा, गाळलेलं सूप, थोडं थोडं सहा वेळा. अडचण नसेल तर भाकरी खाऊ द्या की, दुधात कुस्करून. म्हणजे एकच डाएट सगळ्यांना नाही, 'आतडं अरुंद आहे का' हे विचारून ठरवायचं.

पोट फुगणं, मुरडा येऊन येऊन कळा, गॅस पण न सरणं, हिरवी उलटी, हे एकत्र दिसलं तर आतडं अडलंय. पोट साफ व्हायचं औषध किंवा एरंडेल अजिबात देऊ नका, तोंडाने काही न देता हॉस्पिटल गाठा. कधी ऑपरेशन, कधी स्टेंट (अरुंद जागी बसवायची जाळीची नळी), कधी नुसत्या औषधांवर आणि नाकातल्या नळीवर सुटतं.

आणि जबरदस्तीचं. आजार वाढला की भूक मरते, शरीर खाल्लेलं लावूनच घेत नाही, पेशंट हट्ट करत नसतो. आमच्याकडे येणारी प्रत्येक आत्या-मावशी 'खात नाहीत म्हणून असं झालंय' म्हणायची आणि पेशंट आपल्यासमोर दोन घास ढकलून मागे जाऊन ओकून यायचा. ताट भरून पुढे ठेवू नका, वाटीत दोन चमचे ठेवा. हुग्गी (गव्हाची खीर) मागितली तर हुग्गी द्या. शुगर असेल तर डॉक्टरांना विचारा, पण ह्या टप्प्यावर ते सुद्धा बरीच सूट देतात.

दुखणं

जी गोळी दुखल्यावर द्यायची असते ती आपण 'अजून थोडं सहन करा' म्हणून लांबवतो. कॅन्सरच्या दुखण्याला गोळी घड्याळ बघून द्यायची, दुखो न दुखो, कारण एकदा कळ वर चढली की ती उतरवायला जास्त औषध लागतं. साध्या गोळ्यांनी भागत नसेल तर मॉर्फिन. नाव ऐकलं की घरात दोन गट पडतात. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या डोसने घेतलेल्या मॉर्फिनने पेशंट व्यसनी होत नाही आणि त्याने आयुष्य पण कमी होत नाही. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी असते. पहिले काही दिवस झोप आणि मळमळ जास्त, मग सवय होते, बद्धकोष्ठता मात्र कायम राहते, म्हणून पोट साफ व्हायचं औषध त्याच चिठ्ठीत लिहून मागायचं. (आतडं अडल्याचा संशय असेल तर ते सुद्धा विचारूनच.)

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. नार्कोटिक्सचा कायदा २०१४ मध्ये बदलला तेव्हापासून मान्यताप्राप्त हॉस्पिटलांना ते ठेवता येतं, त्यामुळे आपल्या हॉस्पिटलमध्ये मिळतं का आणि कोणत्या दिवशी, हे दुखायला लागायच्या आधीच विचारून ठेवा. शनिवारी संध्याकाळी गोळ्या संपल्यात असं होऊ देऊ नका, चिठ्ठी जपून आणि गोळ्या कुलपात. फेंटानिलचा पॅच असेल तर तो ७२ तासांचा, त्यावर शेकायची पिशवी ठेवायची नाही, उन्हात बसायचं नाही, ताप आला तर डॉक्टरांना कळवायचं, कारण उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी मे महिन्यात हे विशेष लक्षात ठेवा. पेशंट उठवूनही उठेना, श्वास फार हळू झाला, तर पॅच काढून ताबडतोब फोन.

दुखणं-उलट्या घरी आटोक्यात येईनात तर पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, घरच्या एका माणसासोबत ठेवून घेतात आणि पैसे घेत नाहीत. त्रास आवरला की परत घरी.

पेशंटला सांगायचं का

माझं मत, सांगायचं. एकदम सगळं ओतायचं नाही, 'तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?' असं विचारून तेवढंच. केस गळतायत, शेजारच्या बेडवरचे काय म्हणतायत ते ऐकतोय, त्याला कळत नसतं असं नाही, तो आपल्यासाठी गप्प असतो आणि आपण त्याच्यासाठी. अण्णांनी एका दुपारी सरळ विचारलं, 'किती दिवस?' तेव्हा ह्यांनी 'काही होत नाही तुम्हाला' असं न म्हणता 'डॉक्टर म्हणतात आजार जाणार नाही, पण दुखू देणार नाही' एवढं सांगितलं. त्यावर अण्णांनी पहिली गोष्ट काय विचारली असेल तर बँकेतल्या एफडीवर कुणाचं नाव आहे. त्यांना कामं उरकायची होती. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर डॉक्टरांचं बोलणं त्याच भाषेत कुणाला तरी परत सांगायला लावा, मराठीत मान हलवली म्हणजे समजलं असं नाही.

भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून द्या. पांढऱ्या पेशी कमी असताना सर्दीवाला कुणीही नको, मग तो जावई असला तरी. आणि रात्री जागणारा एकच माणूस ठेवू नका. बहुतेक घरी सूनच किंवा बायको जागते आणि भाऊबंद फोनवर सल्ले देतात. फोनवाल्यांना काम वाटून द्या, एकाने औषधं आणायची, एकाने योजनेचे कागद, पुण्या-मुंबईतल्याने पैसे पाठवायचे. ज्याला हातपाय गळाल्यासारखं झालंय, मग पेशंट असो की सांभाळणारा, त्याने १४४१६ ला फोन करावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

किमो थांबवायचं ठरलं की

पेशंट दिवसातला बराच वेळ अंथरुणातच असेल तर पुढची किमो फायद्यापेक्षा त्रासच जास्त देते, हे डॉक्टर सांगतील किंवा तुम्हाला विचारावं लागेल. थांबवलं म्हणजे सोडून दिलं असं नाही, औषधं त्रासावर चालूच राहतात.

आयसीयू, व्हेंटिलेटर नको असेल तर पेशंट शुद्धीत असताना ते लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मान्यता दिली आणि २०२३ ला पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. शेवटचे दिवस घरी काढायचे असतील तर फॅमिली डॉक्टरशी आधीच बोलून ठेवा, घरीच जीव गेला तर मृत्यूचा दाखला कोण देणार हे आयत्या वेळी शोधायला लागू नये. त्या दिवसांत झोप वाढते, पाणी नको होतं, हातपाय गार पडतात, घशात घरघर येते. ती घरघर ऐकणाऱ्याला जास्त त्रास देते, पेशंटला कुशीवर करायचं, तोंड ओल्या कापसाने पुसत राहायचं, ओठाला तूप किंवा व्हॅसलिन. तोंडात पाणी ओतायचं नाही, छातीत जातं. गोळी गिळता येत नसेल तर तेच औषध कातडीखालून देता येतं, नर्सकडून शिकून घ्या.

नंतर उरलेलं मॉर्फिन आणि पॅच हॉस्पिटलला परत द्या, घरात ठेवू नका. न उघडलेल्या पिशव्या-चकत्या वॉर्डात नेऊन द्या, महाग असतात, कुणाला तरी लगेच लागतात.

आणि हे सगळं चालू असतानाच एक काम मागे पडतं ते म्हणजे रक्ताच्या नात्यातल्यांची तपासणी. पेशंटच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून घ्यायची असते, साधारण चाळिशीत, किंवा पेशंटला ज्या वयात आजार निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल ते. एमएसआयचा रिपोर्ट हाय असेल तर जेनेटिक टेस्टचं पण विचारा, कारण काही घरांत तो आजार पिढ्यांतून येतो. शौचातून रक्त, कारण नसताना हिमोग्लोबिन कमी, सवय बदललेली, ह्याला मूळव्याध म्हणून वर्षभर मलम लावत बसू नका. आमच्याकडे ह्यांची आणि दिरांची झाली, दिरांचा एक पॉलिप (आतड्याच्या आतला छोटा कोंब) निघाला, तो त्याच वेळी काढून टाकला. आता नणंदेला तयार करायचंय, ती आदल्या दिवशीच्या पोट साफ करायच्या औषधाला घाबरते.